राखणदाराचं शिक्षण

घराला राखणदार हवा म्हणून लातूरकडचं कारवानी पिल्लू धरमपेठेत आमच्याकडे आलं. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या ३ ते १४ आठवड्यांत याला जितकी माणसं भेटतील तितकी थोडी!" लशी पुऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन सीताबर्डीची गर्दी दाखवत हिंडलो.

"अशानं हा चोरापुढंही शेपूट हलवेल हो!"

"काहून भेता बाप्पा? भ्यालेलं कुत्रंच वाट्टेल त्याला चावतं."

त्या रात्री मला झोप लागेना. चिरंजीवांना लहानपणी मी बजावलं होतं, परक्यांशी बोलायचं नाही! आज ते तिशीचे आहेत. बेल वाजली, की आतल्या खोलीत जातात. पिल्लू दाराकडे धावतं. दोघांचा मास्तर मीच. फरक एवढाच, की पिल्लाच्या वेळी मी कुणाला तरी विचारलं होतं.