उकिरड्याची कड

घरात भांडण व्हायला काहीही पुरतं. आमच्यात ते उकिरड्यावरून झालं.

चाळीस वर्षं मी शेण खड्ड्यातच टाकत आलो. वर्षभराचं शेण, मूत, गव्हाणीतली उरलेली वैरण, चुलीची राख. वैशाखात ते गाडीत भरायचं आणि रानात विस्कटायचं. वडिलांनी तेच केलं, मीही. थोरला शेतकी कॉलेज शिकून आला आणि म्हणाला, "आबा, खड्ड्यात वारं जात नाही. खत नुसतं सडतंय, कुजत नाही. वर ढीग लावू, पंधरा दिवसांनी पलटू."

मी ऐकलं नाही. त्या साली आल्याच्या रानात माझंच खत पडलं, अर्धं कच्चं. पावसाळ्यात हुमणी लागली. पिवळी पडलेली रोपं ओढली की अलगद हातात यायची. पोरगं काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं ढीग लावला. ओल इतकीच, की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. चार दिवसांनी ढिगात पहार खुपसली, थोड्या वेळानं उपसली आणि म्हणाला, "धरा." हाताला चटकाच बसला.

मग त्यानं समजावलं. आधी कोमट उबेत जगणारे जिवाणू कामाला लागतात. शेणातलं जे मऊ, लवकर पचणारं, ते खातात. खाता खाता ऊब तयार होते. ती ४०-४५ अंशांच्या वर गेली की त्यांनाच सोसत नाही. मग उष्णता सोसणारे पुढे येतात, बॅसिलसच्या जातीचे. ढीग काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिला की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. खाणं सरत आलं की ढीग निवतो. तेव्हा चिवट काड्या फोडायला ॲक्टिनोमायसीट्स जोर धरतात, राखेसारखी पांढुरकी भुरी दिसते ती. पहिल्या पावसात मातीला येणारा वास त्यांच्याच जातभाईंचा.

त्या रात्री मला झोप लागेना. ज्यांनी ऊब केली, त्यांनाच तिनं हुसकावलं. याला त्याग म्हणायचं का? कीर्तनात म्हणतील. मला पटत नाही. जिवाणू जागा सोडत नाहीत, राहवत नाही म्हणून जातात. त्यात पुण्य नाही, अन्यायही नाही. माणसाचं तसं नसतं. चटका बसला तरी तो पहार धरून बसू शकतो. सातबारा माझ्या नावावर होता, म्हणून मी बसलो. पोराला शिकवलं मीच. ती ऊब माझीच होती आणि मलाच सोसत नव्हती. भोगलं मात्र आल्यानं.

सकाळी त्याला विचारलं, "पहिले सगळेच मरतात का रे?"

"सगळे कुठं? कडेला गार असतं, तिथं काही टिकतात. ढीग निवला की परत आत येतात."

आता ढीग कधी पलटायचा ते तो ठरवतो. कडेचं खत आत ओढायचं काम माझ्याकडे आहे. मधेच विचारतो, "आबा, ओल बघा बरं." मी मूठ दाबून सांगतो. ऐकेलच असं नाही.