शंकासमाधान : उपवासकाळातील रोजची वाचने

यंदा राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर 5 एप्रिलला. उपवासकाळ तोंडावर आला की पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली बरीचशी रोजच्या वाचनांविषयी आहेत. नावे न देता काही घेतली आहेत.

शंका : फादर, मी नोकरी करते. रोज मिस्साला येणे जमत नाही. सकाळी डबे भरून झाले की मोबाईलवर त्या दिवसाची वाचने वाचते. वाचून होतात, पण दहा मिनिटांनी कोणी विचारले तर काय वाचले ते सांगता येत नाही. मधले दिवस राहिले की अपराधी वाटते. मग रविवारी बसून मागची सगळी एकदम वाचून काढते. हे चालते का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

समाधान : ताई, मागची एकदम वाचून काढू नका. राहिलेला दिवस राहिला. आज उघडाल ते आजचे वाचा. वाचने ही बाकी नाही आणि तुम्ही कोणाच्या देणेकरी नाही.

लक्षात राहत नाही, त्याचे एक कारण असे असावे की आपण पहिले वाचन आणि शुभवर्तमान सुटे सुटे वाचतो. उपवासकाळाच्या पहिल्या तीन आठवड्यांत ती दोन्ही मुद्दाम एकमेकांशी जुळवलेली असतात. दुसऱ्या आठवड्यातला शुक्रवार घ्या. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाचे भाऊ त्याला लांबून येताना पाहतात आणि मारून टाकायचा बेत करतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचे कुळवाडी मालकाच्या मुलाला येताना पाहून तोच बेत करतात. एकदा हे दिसले की दोन्ही गोष्टी विसरू म्हटले तरी विसरता येत नाहीत. म्हणून वाचताना एवढेच विचारा : या दोघांना शेजारी का बसवले असेल? चौथ्या आठवड्याच्या सोमवारपासून मात्र योहानाचे शुभवर्तमान बरेचसे ओळीने चालते. तिथे आदल्या दिवशी काय झाले ते आठवून पुढे जावे.

आणखी एक. सध्याचा वाचनक्रम 1969 सालचा आहे, पण उपवासकाळाच्या प्रत्येक दिवसाला स्वतःचे वाचन असणे ही त्याहून फार जुनी रीत. जुन्या लॅटिन मिस्साग्रंथात वर्षातले बाकीचे साधे दिवस आदल्या रविवारच्याच वाचनांवर निभावत, उपवासकाळात मात्र रोज नवे पान असे. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. उपवासकाळातल्या आठवड्याच्या दिवसांची वाचने मात्र दरवर्षी तीच येतात. तेव्हा यंदा काही हाती लागले नाही तरी पुढच्या वर्षी त्याच वारी ते पुन्हा तुमच्यासमोर येणार आहे.

जमल्यास मोठ्याने वाचा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण छापले ते ओवीत, कारण इथली माणसे ऐकून धरून ठेवतात हे त्यांनी ओळखले असावे. घरात मुले चहा पीत असताना त्यांना ऐकू जाईल असे वाचा. मग एकच वाक्य निवडून ते बसमध्ये मनात घोळवत जा. सगळे आठवण्याची गरज नाही.

शंका : आमची छोटी फौंड्री आहे. उपवासकाळात दर शुक्रवारी घरात मांसाहार बंद असतो, संध्याकाळी मी स्वतः सगळ्यांसमोर वाचने वाचतो. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया वाचताना मधेच आवाज बसला. कामगारांचा दोन महिन्यांचा ओव्हरटाइम द्यायचा राहिला होता. आमचेच बिल वरच्या कंपनीकडे अडकले होते. यंदाही तीच स्थिती आहे. त्या दिवशी दुसरे एखादे वाचन घेतले तर चालेल का? (शिरोली)

समाधान : नाही. तेच वाचा. तुमचा आवाज बसला याचा अर्थ ते वाचन तुमच्यापर्यंत पोहोचले आहे. कित्येकांच्या बाबतीत तेवढेही होत नाही.

यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार घेऊन येतात की आम्ही उपवास धरला, तुझे लक्ष कसे नाही? उत्तर मिळते की उपवासाच्याच दिवशी तुम्ही आपला धंदा साधता आणि कामकऱ्यांना राबवून घेता. पुढच्या सोमवारी लेवीय येते. त्यात चोरी करू नका, खोटे बोलू नका या आज्ञांच्या रांगेतच सांगितले आहे की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. शुभवर्तमान त्या दिवशी शेवटच्या न्यायाचे, भुकेल्याला खाऊ घातले की नाही हे विचारणारे. उपवासकाळ सुरू होऊन आठवडाही होत नाही तोच चर्च मजुरीचा विषय दोनदा काढते.

तुमची अडचण मी हलकी मानत नाही. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याला बिलासाठी तीन-तीन महिने थांबावे लागते हे ऐकून आहे. पण थांबण्याची ताकद सगळ्यांची सारखी नसते. तुम्हाला बँकेची मर्यादा वाढवून मागता येते, कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याशी बोलता येते. भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाची उधारी चालते ती फक्त कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, आणि तो दुकानदारही आता तोंड फिरवत असेल. वरून आलेला उशीर जसाच्या तसा खाली ढकलला की तो सर्वांत दुबळ्या माणसाच्या ताटात जाऊन पडतो. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट ठेवला आहे तो काही उगीच नाही. ते तास त्याच्या झोपेतून आणि मुलाबाळांतून काढलेले असतात.

तेव्हा 20 फेब्रुवारीच्या आत असे करा. सगळ्यांना एकत्र बोलावून कोणाचे किती येणे आहे ते वाचून दाखवा आणि तारीख द्या. ज्याचा पगार सर्वांत कमी त्याचे आधी चुकते करा, मग वरच्यांचे. ईस्टरचे कपडे, पाहुणे, घरातला कोणताही नवा खर्च त्यानंतर. आणि उपवासकाळात तुम्ही चर्चला जे दान देता तेही यंदा याच हिशेबात घाला. मी धर्मगुरू म्हणून हे सांगतो आहे : चर्चची पेटी थांबेल, त्या माणसाचे घरभाडे थांबणार नाही. मजुरी म्हणजे दान नव्हे, ते त्याचेच पैसे आहेत.

शुक्रवारी वाचायला बसाल तेव्हा गेल्या वर्षी मधेच का थांबलो हे बायको-मुलांना सांगा. धंदा उद्या मुलाच्या हाती जाणार असेल तर त्याने हे ऐकलेले बरे.

शंका : माझे माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट. घरातले बायबल त्यांचे आहे. त्यातून रोजची वाचने वाचली तर चालतील का? (कोल्हापूर)

समाधान : खुशाल वाचा. अमेरिकन मिशनरी वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून या शहरात प्रोटेस्टंट घरांनी बायबल मनापासून वाचले आहे. सासूबाईंना पाठ असलेली वचने त्यांच्याकडून शिकून घ्या. अडचण फक्त मोजक्या दिवशी येईल. आपल्या बायबलमध्ये 73 पुस्तके, त्यांच्यात 66, शिवाय एस्तेर आणि दानीएल या ग्रंथांचे काही भाग त्यांच्याकडे नसतात. उदाहरणार्थ, पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारची एस्तेरची प्रार्थना, तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारची अग्निकुंडातल्या अजऱ्याची प्रार्थना आणि पाचव्या आठवड्यातल्या सोमवारची सुसान्नाची कथा त्यात सापडणार नाहीत. ती पाने माहेरच्या बायबलमधून आणा. सुसान्नाची कथा सासूबाईंनाही वाचून दाखवा. खोट्या आरोपात सापडलेल्या बाईची ती गोष्ट आहे, त्यांना आवडेल.

शंका : गेल्या वर्षी 14 मार्चला धुळवड शुक्रवारी आली. शेजारच्या काकूंनी दरवर्षीप्रमाणे सुक्या मटणाचा आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा डबा आणला. उपवासकाळातला शुक्रवार म्हणून मी तो दारातूनच परत पाठवला. काकूंना ते लागले. वर्ष होत आले, बोलणे बंद आहे. मी नियम पाळला, मग मन का खाते? (मंगळवार पेठ)

समाधान : तुम्ही मटण खाल्ले नाही हे बरोबर केले. डबा परत पाठवला हे बरोबर झाले नाही.

चर्चचा नियम तुमच्या ताटापुरता आहे. काकूंच्या हातातला डबा घेऊ नका असे त्यात कुठेही नाही. आपल्या गावात शुक्रवार म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अंबाबाईसाठी शुक्रवार धरणाऱ्या कितीतरी बाया तुमच्याच गल्लीत असतील. डबा दोन्ही हातांनी घेऊन ‘काकू, आज आमचा शुक्रवार, उद्या खाते’ एवढे म्हटले असते तर त्यांनी मान डोलावली असती. शनिवारी रस्सा आणखी मुरला असता, आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपली रीत असल्याने तुमच्याकडूनही त्यात काही गेले असते.

त्या दिवशी मिस्सात कोणते शुभवर्तमान होते ते पाहिलेत का? मत्तयाचा पाचवा अध्याय. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला तिथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर त्याने अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा, मग परत यावे. प्रभू येशू तिथे चूक कोणाची हे विचारतच नाही. दुसऱ्याच्या मनात सल आहे एवढे पुरेसे धरतो. तुमचे मन खाते ते यामुळेच, आणि ते खाते हे चांगले आहे.

तेच वाचन यंदा 27 फेब्रुवारीला पुन्हा आहे आणि धुळवड त्यानंतर थोड्याच दिवसांनी. मिस्साला जाण्याआधी काकूंकडे जा. नियमाचे स्पष्टीकरण देत बसू नका. तुमचा डबा परत पाठवायला नको होता, एवढे म्हणा. त्यांनी दार लावून घेतले तर धुळवडीला पुन्हा जा. यंदाची धुळवड शुक्रवारी नाही. बसायला सांगितले तर बसून जेवा.

शंका : मुलगी बारा वर्षांची आहे. आमच्याबरोबर उपवास धरायचा हट्ट करते. धरू द्यावा का? (आजरा)

समाधान : चर्चच्या कायद्यात मांसाहारत्याग 14 वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो. राखेच्या बुधवारचा आणि गुड फ्रायडेचा उपवास, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे, 18 पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवू नका. हट्ट चांगला आहे, त्याला काम द्या : संध्याकाळचे शुभवर्तमान रोज तिने वाचायचे आणि त्यातला एक प्रश्न तुम्हाला विचारायचा. उत्तर येत नसेल तर तो मला लिहून पाठवा.