शेजाऱ्याच्या बाजूची खोटी साक्ष

नववी आज्ञा आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही पाठ असते. शेजाऱ्याच्या विरुद्ध खोटी साक्ष देण्यास तिच्यात मनाई आहे. परंतु साक्ष शेजाऱ्याच्या विरुद्ध नसून त्याच्या बाजूची असली तर? तिच्यामुळे कोणी तुरुंगात जात नाही, कोणाची जमीन बुडत नाही, उलट एका गरीब घराचे भले होते. अशी खोटी साक्ष पाप ठरते काय? हा प्रश्न आता कोर्टकचेरीपुरता राहिलेला नाही. परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्या तरुणांच्या कागदपत्रांबरोबर तो आपल्या घरांत आला आहे, आणि मंडळीने त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे.

नंदगड, खानापूर या भागातील मुलेमुली इंजिनिअरिंग शिकण्यास बेळगावला जातात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे १९९८ पासून बेळगावातच आहे. पुढे पुणे किंवा बंगळूर येथे सॉफ्टवेअरची नोकरी लागते, आणि काही वर्षांनी कोणाच्या मनात ऑस्ट्रेलियाचा विचार येतो. तिकडे कुशल कामगार म्हणून कायमचे राहण्यास जायचे तर नुसती पदवी पुरत नाही. संगणकाच्या व्यवसायांसाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अर्जदाराचे शिक्षण व अनुभव तपासते. ही तपासणी मुख्यत्वे कागदांवरून होते. जिथे नोकरी केली तिथल्या वरिष्ठाने कंपनीच्या छापील कागदावर लिहून द्यावे लागते, की हा मनुष्य अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होता, पूर्ण वेळ होता की अर्धवेळ, आणि प्रत्यक्ष कोणते काम करीत होता. खाली सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा असतो. पगाराचा पुरावाही मागतात. ज्यांच्याजवळ संगणकाची पदवी नाही, त्यांना अनुभवाच्या बळावर अर्ज करता येतो. मात्र स्वतः केलेल्या दोन कामांचे सविस्तर अहवाल लिहून द्यावे लागतात.

याचा अर्थ असा की, समुद्रापलीकडच्या त्या माणसाने आपल्या मुलाला कधी पाहिलेले नाही. तो साक्षीदाराच्या शब्दावर विसंबून निर्णय देतो. सगळी इमारत त्या एका शब्दावर उभी आहे.

मोह येतो तो येथेच. कोणा नातेवाइकाचे शहरात संगणक दुरुस्तीचे दुकान असते. मुलगा तेथे सुटीत दोन महिने बसलेला असतो; त्याची दोन वर्षे करून द्या, असे काकांना सांगण्यात येते. दुसऱ्याने ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकण्याचे काम केलेले असते. ते सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम म्हणून लिहून मागतात. तिसरा आपले दोन अहवाल पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतो. आणि सही करणारा मनुष्य वाईट नसतो. तो उपासनेला येतो, वर्गणी वेळेवर देतो. बहिणीचा मुलगा आहे, त्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढले आहे, आपल्या एका सहीने त्याचे कल्याण होत असेल तर आपले काय जाते, एवढाच त्याचा विचार असतो.

त्याच्या बाजूने आणखीही बोलता येईल. नियम कडक आहेत. पदवी कामाशी जुळणारी असली तरी अनुभवाची सुरुवातीची काही वर्षे, साधारणपणे दोन, हिशेबातून वजा होतात. ती कुशल होण्यात गेली असे धरतात. ज्याने खरोखर रात्रंदिवस काम केले त्याला हे अन्यायाचे वाटले तर नवल नाही. परदेशी कचेरीला आपल्याकडची परिस्थिती काय ठाऊक, असेही म्हणता येईल.

परंतु, वाचकहो, हिशेब नीट मांडून पाहू. परदेशात केलेल्या कामाची तीन वर्षे मान्य झाली तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी ५ गुण मिळतात, पाच वर्षांना १० आणि आठ वर्षांना १५. निदान ६५ गुण हवेत. पण तेवढे झाले म्हणजे बोलावणे येतेच असे नाही. जागा मोजक्या असतात, आणि एकाच व्यवसायातील उमेदवारांत साधारणपणे ज्याचे गुण जास्त त्याला आधी बोलावतात. आता काकांच्या सहीने दोन वर्षे वाढली व भाच्याला ५ गुण अधिक मिळाले, तर रांगेत त्याच्या पुढे असलेला कोणीतरी मागे गेला. तो कोण? कदाचित निपाणीचा एखादा मुलगा असेल, ज्याने जेवढे काम केले तेवढेच लिहिले. कदाचित दुसऱ्या देशातील एखादी बाई असेल. तिचे नाव काकांना कधी कळणार नाही. परंतु आज्ञेतला शेजारी तोच आहे. ज्याच्या बाजूने आपण खोटे बोललो तो आपल्यासमोर उभा होता, आणि ज्याच्या विरुद्ध बोललो तो आपल्याला दिसला नाही, एवढाच फरक. म्हणून शेजाऱ्याच्या बाजूची खोटी साक्ष म्हणून काही वेगळी वस्तू नाही. ती कोणा ना कोणा शेजाऱ्याच्या विरुद्धच असते.

भाच्याचेही त्यात भले नाही. खोटा कागद उघडकीस आला तर ऑस्ट्रेलियाच्या नियमांप्रमाणे व्हिसा नाकारून तीन वर्षे दार बंद करता येते, आणि तपासणी करणाऱ्या संस्थेला दिलेली खोटी माहितीही त्यात धरली जाते. पण मी भीतीवर भर देत नाही. पकडला गेला नाही तरी, जे काम त्याला येत नाही ते येते असे सांगून त्याला परक्या देशात रोज उठावे लागेल.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. कित्येकांनी काम खरे केलेले असते, पण कागद मिळत नाही. कचेरी नुसत्या तारखा लिहून देते, कामाचे वर्णन देत नाही. नोकरी सोडून गेला म्हणून साहेब रुसतो. छोटी कंपनी बंद पडते. अशा वेळी बरोबर काम केलेल्या वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे प्रतिज्ञापत्र करून देण्याचा मार्ग आहे. येथे कित्येक प्रामाणिक माणसे मागे सरतात. नसती कटकट कशाला, आपले नाव कोठे अडकायला नको, असे म्हणतात. आपण सीमाभागातील माणसे. एका कागदासाठी माणसाला किती खेटे घालावे लागतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्याने खरे काम डोळ्यांनी पाहिले आणि तरी सही करण्याचे टाळले, त्यानेही शेजाऱ्याचे नुकसानच केले. खोटे लिहू नये हे अर्धे कर्तव्य झाले. खरे लिहून द्यावे हे उरलेले अर्धे.

पवित्र शास्त्रात शिफारसपत्रे थोडी नाहीत. अपुल्लो अखयास निघाला तेव्हा बंधुजनांनी तेथील शिष्यांस पत्र लिहिले. फीबीची शिफारस पौलाने रोमकरांस केली. परंतु सर्वांत बोलके पत्र अनेसिमासाठी फिलेमोनास लिहिलेले होय. पौलाचे त्याच्यावर मुलासारखे प्रेम होते. तरी अनेसिम पूर्वी निरुपयोगी होता ही गोष्ट त्याने लपवली नाही. अनेसिमाकडून काही येणे असेल तर ते नाहीच असे लिहून दिले नाही. ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असा त्या पत्राचा आशय आहे. प्रेमाची साक्ष अशी असते. ती माणसाची उणीव खोट्याने भरून काढत नाही, स्वतःच्या पदरचे देऊन भरून काढते.

आपणही तसेच करू शकतो. भाच्याची दोन वर्षे कमी पडत असतील तर काकांनी सही देऊ नये. त्याला खरोखर दोन वर्षे काम शिकण्याची सोय करून द्यावी, इंग्रजीच्या परीक्षेची फी भरावी, कर्जाच्या हप्त्याला हातभार लावावा. तरुणांनी केलेल्या कामाची टिपणे वेळच्या वेळी ठेवावीत आणि नोकरी सोडतानाच तपशीलवार पत्र मागून घ्यावे. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी असे पत्र दयेने नव्हे, देणे म्हणून द्यावे. पालक आणि पंच मंडळींनी सभासदत्वाचा किंवा वर्तणुकीचा दाखला देताना मनुष्य ठाऊक असेल तरच लिहावे.

आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. वर्षअखेरीस बक्षिसासाठी हजेरी मोजताना एखाद्या गरीब मुलाचे दोन रविवार कमी पडतात, आणि आपला हात हजेरीपटाकडे जातो. तो आवरावा. हवे तर त्या मुलाला आपल्या पैशाने वेगळे पुस्तक घेऊन द्यावे, पण हजेरी जशी आहे तशीच राहू द्यावी. मूल ते पाहत असते. उद्या कोणाच्या कागदावर सही करण्याची वेळ त्याच्यावर येईल, तेव्हा नववी आज्ञा त्याला केवळ पाठ असेल की समजलेली असेल, हे आज त्या हजेरीपटावर ठरत आहे.