सभेआधी एस्टिमेट वाच

चि. भाचीस,


रविवारी संध्याकाळी वस्तीत सभा ठेवली आहेस आणि फलकावर विषय लिहिलास ‘वस्तीचा सर्वांगीण विकास’. असा विषय ठेवला की काय होतं ते सांगतो. पुढच्या खुर्च्यांवर मंडळाची पोरं बसतात, मागे बायका कडेवर मूल घेऊन उभ्या राहतात. एकजण उद्यान मागतो, दुसरा व्यायामशाळा, तिसरा कमान. कमानीला टाळ्या पडतात. तुझ्या अहवालात ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ लिहिला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच बायका तू येताना दिसलीस की दार लोटून घेतात.

सभा घे, पण त्याआधी स्वतःला विचार, कोणता निर्णय अजून व्हायचा आहे? टेंडर निघालं असेल, वर्क ऑर्डर हातात पडली असेल, तर मत विचारायला कुणाला बोलावू नकोस. ठरलं ते ठरलं म्हणून सरळ सांग. वस्तीतली माणसं नकार पचवतात, आयुष्यभर तेच करत आली आहेत. पण आधीच ठरलेल्या गोष्टीवर आपलं मत विचारतायत, हे त्यांना पाच मिनिटांत कळतं.

मी नोकरी केली ती ज्युनिअर इंजिनिअरची, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूची. तिथून जे दिसतं ते तुझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात नसणार. वस्तीचं भवितव्य एस्टिमेटमध्ये लिहिलेलं असतं. काँक्रीट किती जाडीचं, पाइप किती इंची, चेंबर कुठे, जुनं फोडायचं की तसंच ठेवायचं, सगळं त्यात. एस्टिमेट वॉर्ड ऑफिसात पडून असतं, बहुधा इंग्रजीत. मागितलं तर पुष्कळदा सहज मिळतं, नाही मिळालं तर २००५ चा माहिती अधिकार आहेच. ते मराठीत उतरव, ठळक अक्षरात लिही आणि गल्लीच्या तोंडाशी लाव. मग सभेला विषय शोधावा लागणार नाही.

गल्लीच्या काँक्रीटचंच घे. वस्त्यांमध्ये दर निवडणुकीच्या तोंडावर गल्ली काँक्रीट होते. जुनं फोडायला वेळ लागतो, राडारोडा उचलायला गाडी लागते, आणि चार फुटांच्या बोळात गाडी जात नाही. म्हणून जुन्यावरच नवा थर चढतो. गल्ली दर खेपेला वर येते, घर तिथंच राहतं. एकेकाळी दोन पायऱ्या चढून जायचं घर आता दोन पायऱ्या उतरून जायचं होतं, आणि पावसाचं पाणी उंबऱ्यावरून थेट चुलीपर्यंत. मग घरवाला कर्ज काढून भराव घालतो, जमीन वर येते, पत्रा डोक्याला लागायला लागतो, म्हणून पत्रा उचलतो. सुधारणेचा खर्च असा माणसाच्या खिशातून जातो आणि तो कुठल्याच बिलात दिसत नाही. अशा गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचार, पाणी कुठे तुंबतं आणि कुठल्या चेंबरमधून उलटं येतं, ती बोटानं दाखवील. तिचं बोट आणि एस्टिमेटमधला ढाळ जुळतो का, एवढं पाहायचं. जुळत नसेल तर काम सुरू होण्याआधी भांड. नंतर भांडून फक्त नाराजी मिळते.

संडासाची गोष्ट तुला माहीत असायला हवी, तुझ्याच शहरातली आहे. १९९९ साली पुणे महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांमधल्या सार्वजनिक शौचालयांचं काम स्वयंसेवी संस्थांना दिलं. दोन-अडीच वर्षांत चारशेच्या वर शौचालयं झाली. त्यातला मोठा वाटा स्पार्क ही संस्था, वस्तीवासीयांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि बायकांची महिला मिलन यांनी मिळून उचलला. बायकांना विचारलं गेलं त्याचा परिणाम बांधकामात दिसला. बायका-पुरुषांच्या बाजू वेगळ्या झाल्या आणि मुलांसाठी छोटी भांडी आली, धरायला दांडा असलेली. लहान मूल मोठ्या भांड्याला घाबरतं आणि म्हणून बाहेर गटारावर बसतं, हे कुठल्या कोडबुकात लिहिलेलं नाही. राखणदाराला राहायला खोली दिली, कुटुंबाला महिन्याचा २० रुपयांचा पास ठेवला.

तुमचं शौचालय होईल तेव्हा उद्घाटनाच्या कोनशिलेपेक्षा लाइटचं मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघ. मोटर जळली तर कुणी दुरुस्त करायची, आतली कडी तुटली तर कुणाला सांगायचं, टाकी उपसायची गाडी कोण बोलावणार, हे बांधकामाआधी कागदावर उतरलं पाहिजे. अंधारात कडी नसलेल्या संडासात कुठलीही मुलगी जात नाही, मग तुम्ही फरशी कितीही चकचकीत बसवा.

घरांचा विषय निघालाच तर नकाशा दाखवत बसू नकोस. ऐंशीच्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी आपल्या मनातली घरं खऱ्या मापात उभी केली, लोकांना आत फिरवलं आणि मग वाद घातला. पुढे पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये केंद्राच्या योजनेतून जागच्या जागी घरं बांधली गेली, प्रत्येकी साधारण २७० चौरस फुटांची. कच्ची घरं पाडली, पक्की तशीच राहू दिली, गल्ल्या आणि शेजार बहुतांशी टिकला. लाभार्थ्यांनी दहा टक्के घातले. मला हे काम टॉवरमधल्या पुनर्वसनापेक्षा केव्हाही बरं वाटतं. दारातच धंदा करणारी माणसं सातव्या मजल्यावर जाऊन काय करणार?

पण वर्गणी आणि श्रमदान यांच्या बाबतीत जपून. स्वतःच्या घरात दहा टक्के घालणं निराळं. तिथं पैसे देणारा माणूस मिस्त्रीला जाब विचारू शकतो. ड्रेनेजसाठी श्रमदान मात्र मागू नकोस. कोथरूडच्या सोसायटीला कुणी कुदळ घेऊन ड्रेनेज खणायला लावत नाही. महापालिकेचं काम गरिबाच्या गळ्यात घालून त्याला लोकसहभाग म्हणण्याची आपल्याकडे फार हौस आहे.

सभेला कोण येत नाही ते मोजत जा. भाडेकरू येणार नाहीत. झोपडीचा फोटोपास मालकाच्या नावाचा, पात्र ठरणार मालक, आणि ‘सुधारणा’ झाली की भाडं वाढणार किंवा खोली खाली करावी लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. रात्रपाळीचे झोपलेले असतात. धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायका तुझ्या संध्याकाळी सहाच्या वेळेला नळावर. दुपारी दोन ते चार जा, एकेका गल्लीत, ओट्यावर बसून. पाणी येण्याची वेळ आधी विचारून घे.

वस्तीतल्या दादाला टाळू नकोस, फक्त त्याच्या घरात सभा घेऊ नकोस. नगरसेवकाचंही तेच. त्यांना आधी कळव, श्रेय त्यांनी घेतलं तर घेऊ दे. कमानीवर नाव त्यांचं, पाइप सहा इंची, असा सौदा झाला तर मी पेढे वाटीन.

२००६ पासून पुण्यात नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. मागणीचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात, कामाची मर्यादा पाच लाखांची. अर्ज भरणारे बहुतेक सोसायट्यांतले, म्हणून बाकडी आणि नामफलक फार. वस्तीतून दहा बायका अर्ज घेऊन गेल्या तर कारकून चमकेल. पोच घ्यायला विसरू नका. आणि मंजूर कामामागे जानेवारीपासूनच लाग. मार्चएंडला घाईत ओतलेलं काँक्रीट कसलं असतं ते मला विचार.

सध्या एवढंच कर. रविवारची सभा पुढे ढकल, एस्टिमेटची झेरॉक्स मला पाठव. माप घ्यायला माझी तीस मीटरची टेप घेऊन जा. सुरुवातीचा थोडा तुकडा तुटला आहे, तेव्हा एक मीटरच्या खुणेपासून धर आणि शेवटी एक मीटर वजा कर. धरायला दुसऱ्या टोकाला गल्लीतलीच बाई घे.

मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा