ट्रेनिंग की चाकरी?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडची मुले-मुली तेरेखोल ओलांडून गोव्यात जातात. कोणी हॉटेलात, कोणी गॅरेजात, कोणी दुकानात. घरी चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते, "ट्रेनिंगाक गेलो हा." सहा महिन्यांनी तोच मुलगा भेटतो. काय शिकलास म्हणून विचारावे तर सांगतो, भांडी घासली, सामान उचलले. चुलीजवळ त्याला कोणी उभेच केले नाही. मग याला ट्रेनिंग म्हणावे की स्वस्तातली चाकरी? वरवर हा प्रश्न पगाराचा दिसतो, पण आम्हांला तो न्यायाचा वाटतो.

काम करता करता शिकणे आपल्याला नवीन नाही. मिठागरात मीठ केव्हा काढायचे हे शिरोड्यात कोणी पुस्तकातून शिकले नाही, थोरांच्या मागे उभे राहूनच शिकले. नाझरेथचे लोक प्रभू येशूलाही सुतार म्हणूनच ओळखत होते. मात्र बापाने मुलाला शिकवणे वेगळे आणि परक्या मालकाने शिकवणे वेगळे. मुलाला काम आले की बापाचा भार हलका होतो. शिकाऊला काम आले की तो जास्त पगार मागतो, नाहीतर दुसरीकडे जातो. म्हणजे मनापासून शिकवणे मालकाच्या सोयीचे नसते. सगळी अडचण इथेच आहे.

ती ओळखून काही लोकांनी वाट काढली. भारतात कम्युनिटी कॉलेजची चळवळ उभी करण्यात येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांचा मोठा वाटा आहे. १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठात आणि १९९६ साली मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांतात अशी कॉलेजे सुरू झाली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या गरीब मुलांसाठी ती होती. तिथे आधी माणसांत वागण्या-बोलण्याची कौशल्ये, मग हाताचे काम, मग प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचा अनुभव आणि शेवटी नोकरीची तयारी, असा क्रम असतो. मालकाच्या दारात मूल एकटे जात नाही, पाठीशी कॉलेज असते.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला. तिथली मुले वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती शिकतात, तीही गावकऱ्यांची खरीखुरी कामे करून. काम खरे असते, पण ते शिकण्यासाठी निवडलेले असते.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. मालकांना ही सवलत वाटते. आम्ही ती उलट बाजूने वाचतो. कामगार नाही म्हणून पुरा पगार नाही, तर जेवढा पगार कमी, तेवढी विद्या त्याच्या पदरात पडली पाहिजे. खास परवानगीशिवाय त्याला जादा वेळ राबवता येत नाही, असेही तोच कायदा सांगतो. पण तोंडी बोलीवर ठेवलेल्या मुलाची कुठे नोंदच नसते. त्याच्या बाबतीत मालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा.

मालकांची तक्रारही खोटी नाही. शिकाऊच्या हातून माल बिघडतो, गिऱ्हाईक नाराज होते. आईबाप पहिल्याच महिन्यात "किती देतात?" असे विचारतात, "कोण शिकवतो?" असे क्वचितच. पण बिघडलेला माल ही शिकवण्याचीच किंमत आहे. ती द्यायची नसेल तर सरळ मदतनीस ठेवावा, त्याला मदतनीसाचा पगार द्यावा आणि ट्रेनिंग हा शब्द वापरू नये.

आपल्यातही खोल्या भाड्याने देणारे, होडी चालवणारे, शिवणकाम, बेकरी करणारे आहेत. सीझनला कोणालाच मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा शिकवणे राहून जाते हे आम्ही समजू शकतो. पावसाळ्यात धंदा थंडावतो, हातात वेळच वेळ असतो. आणि शिकाऊला घरी पाठवले जाते ते नेमके तेव्हाच.