बिनलग्नाची चार वर्षं

गेल्या उन्हाळ्यात तुमसरच्या एका सभेत वक्त्यांनी ठासून सांगितलं, की अग्निवीरांवरची लग्नबंदी हा मुलींवर उपकार आहे. कोवळ्या वयात त्यांच्या गळ्यात संसार पडत नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. हे विधान मला तेव्हाही खोटं वाटलं, आणि ते का खोटं आहे हे सविस्तर लिहिणं मला आवश्यक वाटतं. कारण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आमच्या धानाच्या मुलखातून मुलं अग्निवीर म्हणून नौदलात जाऊ लागली आहेत. भरतीच्या चाचणीत दीड किलोमीटरहून थोडं जास्त अंतर साडेसहा मिनिटांत कापायचं म्हणून ती पहाटे डोंगरी बुजरूकच्या रस्त्यावर धावतात. मॅंगनीजच्या खाणीत किंवा भातगिरणीत रोजीवर जाण्यापेक्षा त्यांना गणवेश हवा आहे, आणि त्यात चूक काहीच नाही.

नियम स्पष्ट आहे. भरतीच्या वेळी उमेदवार अविवाहित हवा आणि सेवेची चारही वर्षं त्याने तसंच राहायचं. लग्न केलं तर नोकरी जाते. अग्निवीर योजना येण्याआधी, म्हणजे २०२२ पूर्वी, भरती होणाऱ्या नौसैनिकालाही प्रशिक्षणात लग्न करता येत नव्हतं. पण प्रशिक्षण संपलं की तो मोकळा होता, आणि पंधरा वर्षांच्या सेवेनंतर त्याला पेन्शन होती. आता ओडिशातल्या आयएनएस चिल्कावरचं प्रशिक्षण काही आठवड्यांत संपतं, बंदी मात्र चार वर्षं चालते. शेवटी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस जण कायम होतात. बाकीचे साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन, पेन्शनशिवाय घरी येतात.

प्रशिक्षणापुरती बंदी मला मान्य आहे. चिल्काच्या मैदानावर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या पोराला घरच्या संसाराचा विचार परवडत नाही, आणि त्याला शिकवणाऱ्यालाही तो परवडत नाही. पण लग्न झालं की नौसैनिक कमकुवत होतो, हे कोणत्या अनुभवावरून ठरवलं? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी बुडाली, तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांच्यातल्या ज्यांची लग्नं झाली होती, त्यांच्या पत्नींची सरकारदरबारी नोंद होती, हक्क होता. लग्न केलं म्हणून त्यांचं शौर्य उणं पडलं नाही.

हा वाद जुना आहे, आणि त्याचा निकाल रोमने आपल्या आधी लावून ठेवला आहे. ऑगस्टसच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या बंदीमुळे रोमन सैनिकाला सेवेत लग्न करता येत नसे. ती बंदी सेप्टिमियस सेव्हेरसने इसवी सन १९७ च्या सुमारास उठवली. दरम्यानच्या दोन शतकांत सैनिक काय ब्रह्मचारी राहिले? त्यांनी घरं केली, मुलं झाली, फक्त ती कायद्याला दिसत नव्हती. रोमन आरमारातल्या खलाशाला २६ वर्षांच्या सेवेनंतर कांस्याच्या जोडपत्र्यावर कोरलेली सनद मिळे, आणि तोवर ज्या बाईने त्याचं घर सांभाळलं तिला तेव्हा कुठे कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळे.

त्याहून बोलका दस्तऐवज इजिप्तच्या पपायरसवर आहे. इसवी सन ११७ मध्ये लुसिया मॅक्रिना नावाची स्त्री प्रांताधिकारी लुपुसपुढे उभी राहिली. मेलेल्या सैनिकाकडे ठेवलेली आपली ठेव परत मिळावी, एवढीच तिची मागणी होती. लुपुसने ती फेटाळली. ही ठेव म्हणजे हुंडाच आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि सैनिकाला लग्न करायची मुभा नाही. दावा ऐकून घेतला तर ते लग्न वैध मानल्यासारखं होईल, असा त्याचा आशय होता. नियम सैनिकाने मोडला होता. पैसे मात्र बाईचे बुडाले.

ही हकिगत मी आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या घरी बसून मनात घोळवली. तिचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला आहे. मुलगा नौदलात आहे, त्याची चार वर्षं पुरी व्हायला अजून दीड वर्ष आहे. धान निघालं त्या महिन्यात मुलीच्या बापाने पाहुण्यांना कपडे केले, मुलाच्या बोटात अंगठी घातली आणि 'पुढच्या सोयीसाठी' म्हणून काही रक्कमही दिली. तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. होणाऱ्या सासूने निरोप पाठवला, की सुनेने घरापासून लांब राहू नये. उद्या मुलगा कायम झाला नाही आणि सोयरीक मोडली, तर ती रक्कम बाप मागायला जाणार नाही. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणंही गुन्हा आहे, हे त्याला माहीत आहे. आणि मुलाचं काही बरंवाईट झालंच, तर ४८ लाखांच्या विम्यात तिचं नाव नाही.

इथे त्या वक्त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि तिने माझा रोख बदलला. अग्निवीर साडेसतराव्या वर्षी भरती झाला तर साडेएकविसाव्या वर्षी सुटतो. मुलाच्या लग्नाचं कायदेशीर वय २१ आहे. म्हणजे अशा मुलाचं सरकारने फारसं काही हिरावलेलं नाही. विसाव्या-एकविसाव्या वर्षी गेलेल्याचा प्रश्न वेगळा, आणि मुलींचा तर फारच वेगळा. २०२३ च्या मार्चमध्ये चिल्कावरून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. अठरा पूर्ण केलेल्या मुलीला देशाचा कायदा लग्न करू देतो, नोकरीचा नियम मात्र करू देत नाही. लष्करी परिचर्या सेवेतून १९८८ मध्ये लग्नापायी काढलेल्या सेलिना जॉन यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये द्यायला लावले. तो नियम फक्त स्त्रियांसाठी होता, म्हणून हा निकाल अग्निवीरांना थेट लागू होत नाही. तरी लग्न हे कामावरून काढण्याचं कारण कसं, हा प्रश्न त्याने उघडा केला.

पण कोवळ्या मुलाच्या बाबतीत खरं नुकसान करतो तो आमचा साक्षगंधाचा सोहळा. नौदल म्हणतं मुलगा अविवाहित आहे. गाव म्हणतं तो आमचा जावई आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मुलगी उभी असते, तिला पत्नीचा एकही हक्क नाही आणि सुनेची सगळी बंधनं आहेत. मुलीने नकार द्यावा, असं सांगणाऱ्यांनी साक्षगंध मोडलेल्या मुलीला तुमसरात दुसरं स्थळ कसं मिळतं, ते एकदा तिच्या आईला विचारावं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. नौदलाने बंदी प्रशिक्षणापुरती ठेवावी आणि त्यानंतर वयात बसणाऱ्याला लग्नाची नोंद करू द्यावी, म्हणजे विम्याच्या कागदावर पत्नीचं नाव येईल. आणि तो नियम बदलेपर्यंत आमच्या घरांनी सेवेत असलेल्या मुलाचं साक्षगंध करू नये. ठरवायचंच असेल, तर त्याची चार वर्षं संपल्यावर बसून ठरवावं. शेजारच्या मुलीच्या बापाला मी हेच सांगितलं आहे: अंगठी असू दे, पण नर्सिंगचा अर्ज यंदाच भरा, फी कमी पडली तर आपण बघू.