भिंतीवरचे नाव

बोरिवली स्टेशनवर पूर्वेला उतरून थोडे चालले की राष्ट्रीय उद्यानाचे फाटक लागते. कान्हेरीची लेणी तेथून सहा-सात किलोमीटर आत, रानात आहेत. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे. सोमवारी जाऊ नये. दार बंद असते. पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे, पण खाऊची पिशवी हातात मिरवू नये. तेथली माकडे ती आपल्यापेक्षा सराईतपणे उघडतात. पावसाळ्यात झरे सुरेख वाहतात, आणि त्याच झऱ्यांनी पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून म्हाताऱ्यांनी हिवाळाच बरा.

एवढी माहिती कोणीही देईल. आणखी एक माहिती लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवर असते. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे आहे. जो कोणी त्याची नासधूस करील, ते विद्रूप करील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होतील. गेल्या डिसेंबरात नातीला घेऊन गेलो होतो, तेव्हा ही पाटी मी जन्मात प्रथमच शेवटपर्यंत वाचली आणि मान खाली घातली. कारण पाटीतला तो 'जो कोणी' मीच आहे.

हकिगत साधी आहे. १९६६ साली आमच्या शाळेची सहल कान्हेरीला गेली होती. बोरिवलीपर्यंत आगगाडी आणि पुढे पायपीट. मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या त्या पुरुषभर नव्हे, चार पुरुषभर उंच बुद्धमूर्ती पाहून झाल्या, दशम्या सोडून झाल्या, आणि मास्तर जरा आडवे झाले. मी आणि माझा एक मित्र वरच्या अंगाच्या एका लहान लेण्यात शिरलो. लेण्याच्या दाराशी पाण्याचे टाके होते. टाक्याच्या वर, खडकात, जुन्या अक्षरांची एक ओळ होती. मित्राच्या खिशात खिळा होता. एक दगड उचलला आणि अर्धा तास खपून त्या ओळीच्या खाली मी लिहिले : मधू १९६६. मित्राचे नाव लिहायला वेळच उरला नाही. त्याचा त्याला किती राग आला होता! आज वाटते, आम्हा दोघांत भाग्यवान तोच.

त्यानंतर संसार झाला, नोकरी झाली, निवृत्ती झाली. बोरिवलीवरून शेकडो वेळा गेलो, पण कान्हेरीला काही जाणे झाले नाही. खिळ्याची गोष्ट मी विसरलो होतो असे म्हणणे सोयीचे आहे. खरे तर ती एक गमतीची आठवण म्हणून मी मनात जपली होती.

माझी नात मुक्ता दहा वर्षांची. इंग्रजी शाळेत जाते, त्यामुळे देवनागरी अक्षरे तिला बोट ठेवून वाचावी लागतात. ती टाक्यापाशी बोट ठेवूनच थांबली. "आबा, हे बघा! इथे मधू लिहिलंय. पुण्याच्या आत्याआजी तुम्हाला हाक मारतात ना, तसं!"

मी म्हणालो, "जगात मधू काय थोडे असतात?"

हे वाक्य खोटे नव्हते. तेवढ्यासाठीच ते अधिक वाईट होते. उघड खोटे बोलायला निदान धैर्य लागते. मी खऱ्या वाक्याच्या आड लपलो होतो. आणि मुक्ता पुढच्या लेण्याकडे पळाल्यावर चष्मा लावून मी पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या नावाची शिरोरेघ सरळ गेली नव्हती. ती उजवीकडे वर चढत गेली होती आणि जुन्या ओळीतल्या तीन-चार अक्षरांचे पाय कापून गेली होती.

कान्हेरीचे हे लेख कोणाचे आहेत ते सांगायला हवे. शंभराहून अधिक लेणी त्या डोंगरात आहेत. सुमारे हजार वर्षे माणसे तेथे खोदत होती, राहत होती. पण त्या खर्चाचा मोठा वाटा राजांनी नव्हे, साध्या माणसांनी उचलला. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे व्यापारी, कोणी सोनार, कोणी भिक्षुणी. कोणी एक खोली दिली, कोणी पाण्याचे टाके दिले. कोणी कायमची ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळावीत अशी सोय केली. आणि प्रत्येकाने चार शब्द लिहून ठेवले : अमक्या गावच्या अमक्याचे हे दान, आईवडिलांच्या पुण्यासाठी, सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी. टाक्याला ते 'पोढी' म्हणत. त्या डोंगरात अशी टाकी जागोजाग आहेत. पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळांतून त्यांत उतरते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा गृहस्थाने तहानलेल्यासाठी टाके खोदवले, आणि त्याच्या सहीचे पाय मी कापले. का? तर मी येऊन गेलो, हे जगाला कळावे म्हणून!

जवळच पहारेकरी उभा होता. मी त्याला सहज विचारल्यासारखे विचारले, "हे घासून काढता येत नाही का हो?"

तो म्हणाला, "घासू नका, साहेब. नाव जाईल, पण त्याच्यासंगती भिंत पण जाईल. राहू द्या."

म्हणजे केलेले पुसणे हाही दुसरा गुन्हाच. चूक कळली की ती दुरुस्त करता येते, अशी आपली एक लाडकी समजूत असते. काही चुका तशा असतात. पण काही अशा असतात की करणाऱ्याने त्यांना पुन्हा हातच लावू नये. फक्त त्या आपल्या आहेत, हे म्हणावे.

खाली उतरताना मी मुक्ताला सांगितले. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग डोंगराकडे. मग तिने व्यवहाराचा प्रश्न विचारला, "आता तुम्हाला दोन वर्षं तुरुंगात टाकणार?"

"१९५८ चा कायदा तेव्हाही होता," मी म्हणालो. "पण तीन महिनेच होते. शिक्षा पुढे २०१० साली वाढवली."

"आणि त्या पारशी लोकांना किती महिने?"

मी गप्प झालो. सकाळी मोठ्या ऐटीत मीच तिला नव्वद क्रमांकाच्या लेण्याची गोष्ट सांगितली होती. इसवी सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये काही पारशी मंडळी कान्हेरी पाहायला आली आणि आपली नावे पहलवी लिपीत, तारखेसह, भिंतीवर कोरून गेली. त्यांनी खोली दिली नाही, टाके दिले नाही. आले, पाहिले, नाव लिहिले. आज त्यांची ती नावे म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या पारशांच्या इतिहासाचा जुना पुरावा. सरकार त्या नावांना जपते, आणि तोच कायदा माझ्या नावाला गुन्हा म्हणतो. हा न्याय कसला?

गाडीत मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर एकेक उत्तर सुचू लागले, आणि प्रत्येकात काही ना काही खोट निघाली.

पहिले उत्तर काळाचे. जुने झाले की सारे पवित्र होते. पण मग माझे नावही हजार वर्षांनी पवित्र होईल, आणि गुन्हा म्हणजे नुसती वाट पाहण्याची बाब ठरेल. हे मनाला पटत नाही. आजोबांच्या काळची चोरी नातवाच्या काळी ठेवा होत नाही.

दुसरे उत्तर गर्दीचे. तेव्हा दहा माणसे येत असतील, आज सुटीच्या दिवशी मुंबई लोटते. प्रत्येकाने एकेक नाव लिहिले तर दोन वर्षांत वाचायला भिंतच उरायची नाही. हे खरे आहे, आणि पहारेकऱ्याला पुरेसेही आहे. पण त्यात पाप अंकगणितावर ठरते. मी एकटाच गेलो असतो तर मी निर्दोष होतो काय?

तिसरे उत्तर बरेच दिवसांनी सुचले, आणि ते मात्र मला सोडायला तयार नाही. ते जाणिवेचे आहे. ब्राह्मी लिपी वाचणारे मधल्या शतकांत उरलेच नव्हते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा उलगडली. अकराव्या शतकातल्या त्या पाहुण्यांना भिंतीवरच्या जुन्या ओळी बहुधा वाचता आल्या नसतील. कोणाच्या शेजारी आपण लिहीत आहो, हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. ज्या दिवशी ती अक्षरे बोलू लागली त्या दिवशी भिंत मोकळी राहिली नाही. तिथे माणसे राहायला आली. वाचता येऊ लागले की लिहिण्याचा हक्क थोडा कमी होतो.

येथवर आलो आणि माझी सुटका होईल असे वाटले. मी तरी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मला कुठे ब्राह्मी येत होती? पण आठवण अशा वेळी फार प्रामाणिक होते. दशम्या सोडण्यापूर्वी मास्तरांनी आम्हाला त्याच टाक्यापाशी उभे करून सांगितले होते, "मुलांनो, ही अक्षरे दोन हजार वर्षांची आहेत. ऊन, पाऊस, वारा, कशाने ती गेली नाहीत." ते ऐकूनच मी तेथे परत गेलो होतो. कोरा खडक चारी बाजूंना होता. मला तो नको होता. जिथले नाव टिकते तिथेच मला टिकायचे होते. दाता टाके देऊन टिकला. मला टाके न देता टिकायचे होते. मला माहीत होते, म्हणूनच मी तेथे लिहिले.

मुक्ताला हे सारे सांगितले नाही. एवढेच सांगितले की पारशांना शिक्षा नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हते. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण तुम्हालाही अजून येत नाहीच की! त्या टाक्यावाल्याचं नाव काय होतं?"

ते मला खरोखरच सांगता आले नाही. ज्याचे पाय मी कापले त्याचे नाव मी अठ्ठावन्न वर्षांत कधी विचारले नव्हते.

म्हणून या दिवाळीच्या सुटीत, फराळाची ताटे उचलली की आम्ही दोघे ब्राह्मी घेऊन बसतो. माझ्यापेक्षा ती भराभर शिकते. 'म' आम्हाला दोघांनाही लगेच आला. खाली गोल आणि वर दोन शिंगे, वासराच्या डोक्यासारखा. थंडी पडली की, सोमवार सोडून, आम्ही कान्हेरीला जाणार आहोत. माझ्या नावाच्या वरची ओळ ती वाचणार आहे, आणि जी अक्षरे लागणार नाहीत ती का लागत नाहीत, ते मी सांगणार आहे.